दारासमोरचा थेंब

सिस्टरबाई माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आल्या, त्या थेट फरशीवर आडव्याच झाल्या. पिशवी उशाला घेतली, साडी सावरली आणि म्हणाल्या, "भाऊ, खडू घे अन् माह्या भवती रेघ मार. इतकी जागा पाह्यजे. कूस बदलता आली पाह्यजे."

डोणगावात माझं वेल्डिंगचं काम. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. बाई नुकत्याच सरकारी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी मोबाइलवर परदेशातला एक फोटो दाखवला. गाडीमागे ओढायची छोटी खोली, पुढून गोल आणि मागे निमुळती, आडव्या पडलेल्या थेंबासारखी. आत नुसती गादी. मागचं झाकण वर उचललं की तिथे स्वयंपाकाचा ओटा.

"फिराले जाता का, सिस्टर?"

"फिराले नाई. राहाले."

काम सुरू झालं तशा त्या रोज येऊन बसू लागल्या. चौकोनी पाइपची चेसी झाली, भंगारातून एक चांगला अॅक्सल मिळाला. छताचं प्लायवूड वाकवताना तडकलं, तेव्हा दुसरं आणून, ओली पोती टाकून हळूहळू गोलाईवर बसवलं. त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा. प्रत्येक रिव्हेटवरून त्या बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "पक्कं कर भाऊ. मले यात रागानं झोपायचं हाये."

मी हसायचो. तुम्हीही हसला असता.

पाणी गळतं का ते बघायला मी बोअरचा पाइप लावला, तेव्हा बाई हट्टाने आत जाऊन बसल्या. निथळत बाहेर आल्या आणि झाकणाच्या कडेला बोट लावून म्हणाल्या, "इथून शिरते."

गादीचं माप ठरवताना मात्र हसणं थांबलं. मी म्हणालो, एकट्या माणसाला एवढी रुंदी कशाला? बाई सांगू लागल्या.

नोकरीच्या सुरुवातीला लोणारकडच्या एका गावात त्यांची नेमणूक झाली होती. भाड्याची खोली बघायला गेल्या. घरमालकिणीने खोली दाखवली, चहा दिला, मग आडनाव विचारलं. "आमी बौद्ध, म्हून सांगतलं. तिनं माह्या हातातली कपबशी घेतली अन् वसरीच्या बाहेर ठेवली. म्हणे, खोलीत आमचा भाचा राहाले येऊन राह्यला." गावात मग दुसरं कोणतंही दार उघडलं नाही. बाई उपकेंद्रात राहिल्या. दिवसा ज्या टेबलावर बाळंतपणं करायच्या, रात्री त्याच टेबलावर झोपायच्या. "त्याच्यावर कूस बदलता येत नाई, भाऊ." पुढच्या गावांतही थोड्याफार फरकाने हेच.

पूर्वी नर्सबाया सुया उकळून जपून ठेवत, तसा बाईंनी हा राग जपला होता. गंज नाही, डाग नाही.

थेंब तयार झाला. बाईंनी तो आपल्या जुन्या गाडीला जोडला आणि पहिल्या फेरीला मलाही सोबत घेतलं. हूक नीट धरतो का, तेवढं बघायचं होतं. त्याच गावात, त्याच घरासमोरच्या मोकळ्या सरकारी जागेत त्यांनी गाडी लावली. मागचं झाकण उघडलं, गॅस पेटवला आणि कढईत सुकट भाजायला घेतली. वास थेट त्या घरात शिरला. बाईंनी वारा कुठला ते आधीच बघितलं असावं.

घरातून काठी टेकत एक म्हातारी आली. "कोन व्हय बाई?"

बाईंनी आधी आडनाव सांगितलं. मग नाव.

"तुमच्या पोरीचं बाळंतपन मीच केलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमचा नातू ज्या टेबलावर झाला, त्याच्यावरच मी झोपत होती. काऊन झोपत होती, ते तुमाले माहीत हाये."

म्हातारीचे ओठ हलले. "चुकलं बाई. चाल घरात, चहा घे."

"मी माह्या घरी हावो," बाई म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या.

थेंब बघायला गाव लोटला. पोरं, बाया, सरपंच, सगळ्यांना त्यांनी दार उघडून आतली गादी दाखवली. म्हातारीची सून आली, तेव्हा मात्र दार लावून घेतलं. मला ते जरा जास्तच वाटलं. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "सिस्टर, म्हातारी चुकलं म्हणाली ना? मंग?"

"मी कुठं तिले म्हन म्हटलं होतं?" एवढंच बोलून त्यांनी गिअर बदलला. डोळे भरले होते, पण गाडीचा वेग त्यांनी कमी केला नाही.

त्यानंतर त्या एकट्याच निघाल्या. डोणगावात फारशा दिसल्या नाहीत. कधी सुलतानपूरकडून येणारा ट्रकवाला सांगे, एका फाटकासमोर तुमचा चांदीचा डबा उभा होता. कधी नांदुऱ्याच्या बाजूची खबर येई.

परवा एक तरुण मोटारसायकलवरून वर्कशॉपला आला. थेंबाच्या पत्र्यावर मी माझा नंबर रंगवला होता, त्यावरून मला शोधत. घरात लग्न आहे, मांडव घालायचा आहे आणि एक म्हातारी बाई तिचा डबा दारासमोरून हलवत नाही, म्हणाला.

"तिले पाह्यजे तरी काय?"

मी त्याला खुर्ची दिली. "काईच नाई. तुमच्या बाबाले फोन लावा. विचारा, आपल्या घरी पह्यले कोनी नर्सबाई खोली पाह्याले आलती का?"

त्याने वैतागून फोन लावला, प्रश्न विचारला. पोराने फोन कानापासून काढून चालू आहे का ते बघितलं. चालू होता.