सतरा नंबरच्या दारावरचा लाल खडू

एकतीस वर्षं डासांच्या मागे फिरलेल्या माणसाचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळे त्यांना डासकाका म्हणत. चिडली की बायकोही म्हणे, "या डासकाका, आधी हात धुवा." माणूस किडकिडीत, चाल भरभर, खिशात टॉर्च आणि पिशवीत लांब दांड्याची पांढरी पळी. दिसेल त्या पाण्यात पळी बुडवायची, उजेडात धरायची आणि अळ्या मोजायच्या. व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा गेले होते तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी फुलदाणीत डोकावून पाहिलं होतं. लग्न मोडलं नाही हेच नशीब, असं बायको अजून सांगते.

नगरपालिकेच्या हिवताप खात्यात ते सुपरवायझर, आणि त्यांच्या हाताखाली सहा माणसं होती. दर मंगळवारी प्रत्येकाने आपली गल्ली घरोघर तपासायची आणि दाराच्या चौकटीवर पांढऱ्या खडूने लिहायचं: तारीख, पाण्याची भांडी किती, अळ्या किती, सही. त्यातली काही घरं डासकाका स्वतः पुन्हा बघत आणि लाल खडूने लिहीत. लाल खडू दिसला की कामगार त्या घरात जात नसे. साहेबांनी पाहिलंय, मग आपण कशाला? हे कुठल्या कागदावर छापलेलं नव्हतं, पण पाळत सगळे.

त्या वर्षी ताप आला तो नेमका डासकाकांच्याच गल्लीत. आधी बारा नंबरमध्ये, मग चौदा, मग पंधरा. पंधरा नंबरचे शिंपी दवाखान्यातून परत आलेच नाहीत. मग एकोणीस. डासकाकांचं घर तेवीस, आणि त्या घरात त्यांची मुलगी आठव्या महिन्यात आईकडे आलेली. हा ताप तिला आला तर दोन्ही जीव धोक्यात, असं डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. प्रवासालाही त्यांनीच मनाई केली होती. चार वाजले की आई खिडक्या लावून घेई आणि मुलगी मच्छरदाणीत बसून म्हणे, "बाबा, तुमच्या खात्याची अब्रू माझ्या हातात आहे बरं का." डासकाका हसत, पण त्यांना जेवण जात नसे.

त्या गल्लीची कामगार चष्मेवाली. पंचेचाळिशीची, जिभेला धार असलेली, पण कामात चोख. तिच्या पांढऱ्या खडूने प्रत्येक चौकटीवर अळ्या शून्य होत्या आणि डासकाकांनी पुन्हा तपासलेल्या घरांतही शून्यच निघालं. शेवटी त्यांनी दर दोन घरांआड पाणी भरलेले काळे डबे टांगले. डास त्यात अंडी घालतात. डब्यातल्या पट्टीवरची अंडी मोजली की डास कुठून येतात याचा अंदाज लागतो. सोमवारी दुपारी ऑफिसात भिंग घेऊन दोघं मोजायला बसली. गल्लीच्या तोंडाशी सहा अंडी, पुढे एकतीस, सोळाच्या कुंपणावर एकशे बारा, अठराच्या कुंपणावर एकशे चाळीस, आणि तिथून पुढे पुन्हा कमी.

डासकाकांनी कागदावर सोळा आणि अठराच्या मधे बोट ठेवलं.

"सतरा कोण बघतं?"

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "तुम्हीच की, साहेब."

ती थट्टा करतेय असं त्यांना आधी वाटलं. पण ती सांगत गेली. सतरा नंबर बंद घर, किल्ली अठरामध्ये असते. महिन्यातून एकदा ती दार उघडून परसातला हौद रिकामा करायची. दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी ती गेली तर चौकटीवर लाल खडू. पुढच्या मंगळवारी पुन्हा लाल खडू. गेले आठ मंगळवार असंच चाललं होतं.

"मी म्हटलं, साहेब त्याच गल्लीत राहतात, सकाळी जाता जाता बघत असतील."

डासकाका सतरा नंबर बघत नव्हते. बघणं सोडाच, त्या दारावरून जातही नव्हते. पंधरा आलं की ते रस्ता ओलांडत आणि एकोणिसापाशी परत या बाजूला येत. तीन वर्षांत ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की त्या चौकटीवर काय आहे हे त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता.

सतरामध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहायच्या. दर मंगळवारी त्या दारात उभ्या असत. "आत या, माझा हौद बघा," म्हणत. आत गेलं की हौद पाच मिनिटांचा आणि बोलणं पाऊण तासाचं. पुढे पुढे डासकाका बाई दारात दिसल्या नाहीत की दारावरूनच लाल खडूने लिहून निघून जात. अशाच एका मंगळवारी त्यांनी तारीख घातली, अळ्या शून्य लिहिलं, सही केली. गुरुवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं तर बाई परसाच्या दाराशी जमिनीवर पडलेल्या. बाई रविवारीच गेलेल्या असाव्यात असं डॉक्टर म्हणाले, पण चौकटीवर मंगळवारची लाल नोंद होती. पोलिसांनी विचारलं आणि डासकाका म्हणाले, हो, मंगळवारी भेटलो, ठणठणीत होत्या. डॉक्टरांचाच अंदाज चुकला असं सर्वांनी ठरवलं. कागदावर बाई मंगळवारी गेल्या, आणि रविवार ते मंगळवार कुणालाही न कळता पडून होत्या ही गोष्ट कागदावरून पुसली गेली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता दोघं सतराच्या दारात उभी राहिली. चौकटीवर एकाखाली एक नऊ लाल ओळी होत्या. नववी त्याच दिवसाची. डासकाकांनी बोट लावलं तर खडूची भुकटी बोटावर आली. अक्षर त्यांचं होतं. शून्य पूर्ण मिटत नाही, शेवटी छोटी शेपटी राहते. असं शून्य अख्ख्या खात्यात दुसरं कुणी काढत नाही. लाल खडूचा डबा त्यांच्याच कपाटात कुलुपात असे आणि खिशातला खडू आदल्या दिवशी काढलेला, कडासुद्धा न झिजलेला.

"तुम्ही नाही लिहिलंत?" चष्मेवालीने हळूच विचारलं.

"नाही."

तिने अठरामधून आणलेली किल्ली त्यांच्या हातात दिली. एरवी कुलूप तीच उघडायची.

आत धूळ होती आणि बंद घराचा थंड वास होता. मधल्या खोलीतून पलीकडे परस दिसत होतं. परसाच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली लांब यादी होती. ही यादी आपण अनेकदा पाहिलीये, चष्मेवाली म्हणाली, बाईंची आहे. मंगळवारांच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे ठळक, शिक्षिकेच्या अक्षरात काय घडलं ते. वरच्या ओळींमध्ये 'आत आले, हौद पाहिला' असं होतं. मग 'दारावरून गेले'. मग सगळीकडे तेच, 'दारावरून गेले'. शेवटची ओळ तीन वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारची. बाई रविवारी गेल्या होत्या.

"ही शेवटची, ना?" डासकाकांनी विचारलं.

"ही शेवटची होती," चष्मेवाली म्हणाली आणि खाली बोट दाखवलं.

त्या ओळीच्या खूप खाली, जमिनीपासून वीतभर अंतरावर, आणखी आठ ओळी होत्या. उभ्या माणसाला तिथे लिहिता येणार नाही, बसलेल्यालाही नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाचाच हात तिथे पोचेल. पेन्सील तीच, अक्षर तेच, जरासं कापरं. गेल्या आठ मंगळवारांच्या तारखा आणि प्रत्येकीपुढे 'दारावरून गेले'. आजची ओळ नव्हती.

दोघं परसात गेली. परसातल्या हौदावरचं लाकडी झाकण कुजून आत पडलं होतं आणि छपराचा पाइप त्यातच सुटला होता. डासकाकांनी पळी बुडवली आणि उजेडात धरली. पळी वळवळत होती. त्यांनी सवयीप्रमाणे मोजायला सुरुवात केली, त्र्याऐंशीपर्यंत पोचले आणि थांबले. हौद रिकामा करायला दीड तास लागला. दोघांनी आळीपाळीने बादल्या उपसल्या, कडा घासल्या. त्या दीड तासात डासकाकांनी एकदाही मागे, मधल्या खोलीकडे पाहिलं नाही.

शेवटची बादली ओतल्यावर ते म्हणाले, "त्या मंगळवारी मी आत आलो नव्हतो."

"मला माहीत होतं, साहेब," चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही आत येत नाही, हे बाई मला दर वेळी सांगायच्या."

बाहेर येऊन त्यांनी चौकटीवरच्या नऊही ओळी ओल्या फडक्याने पुसल्या आणि खऱ्या लाल खडूने खरा आकडा लिहिला. तिथून ते घरी न जाता थेट मोठ्या साहेबांकडे गेले आणि तीन वर्षांपूर्वी पोलिसांना खोटं सांगितल्याचं लिहून दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. वर्षभराने निवृत्त होणार, आता हे कशाला, असं ते म्हणाले. पण डासकाका जागचे हलेनात, तेव्हा चौकशी होईपर्यंत लाल खडू जमा करायला सांगितलं.

त्यानंतर गल्लीत आणखी दोघांना ताप आला. दुसरा बावीस नंबरमध्ये, म्हणजे अगदी शेजारच्या घरात, आणि त्या रात्री डासकाकांची बायको मुलीच्या पलंगाशी बसूनच राहिली. पण तेविसात ताप आला नाही. पाच आठवड्यांनी मुलगी बाळंत झाली, दोघी सुखरूप.

पण हे सगळं पुढचं. त्याआधी लगेचच्या मंगळवारी डासकाका पळी घेऊन गल्लीत आले तेव्हा चष्मेवालीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज साहेब मी. तुम्ही पळी धरा आणि बडबड कमी करा." त्यांनी पळी धरली. पंधरापाशी त्यांनी रस्ता ओलांडला नाही.

सतराच्या चौकटीवर त्यांच्या मागच्या मंगळवारच्या ओळीखाली काहीही नव्हतं. कुलूप चष्मेवालीने उघडलं. हौद कोरडा होता. परतताना दोघं भिंतीपाशी थांबली, न ठरवता. खाली, आठ ओळींखाली नववी होती. तारीख मागच्या मंगळवारची. पुढे लिहिलं होतं, 'आत आले. हौद पाहिला.'

आठवडाभर किल्ली अठरामध्येच होती. चष्मेवालीने ते दोनदा सांगितलं, जणू कुणी तिच्यावर आळ घेतला होता.

डासकाका गुडघे धरत खाली बसले. कामगाराने नोंद लिहिली की सुपरवायझरने खाली सही करायची, ही एकतीस वर्षांची सवय. त्यांनी खिसा चाचपला, पण लाल खडू जमा झालेला. चष्मेवालीने स्वतःचा पांढरा पुढे केला. पण तिथून सही करता येईना, हात पोचेना. मग ते भिंतीकडे तोंड करून जमिनीवर आडवे झाले, आणि बाईंच्या ओळीखाली तारीख घालून त्यांनी सही केली.