जुन्या जगाच्या शाळा आणि आमचे व्याही

जगात जेवढ्या म्हणून जुन्या संस्कृती होऊन गेल्या, त्या सगळ्यांच्या शाळेत आमचे व्याही एकेकदा तरी बसून आलेले आहेत, असं माझं ठाम मत आहे. नुसते बसून नाही, तिथल्या मास्तरांच्या छड्या खाऊन आलेले. एरवी माणूस माण तालुक्यातला, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेला, चार शेळ्या, थोडी बाजरी आणि दोन दुखरे गुडघे एवढ्यावर सुखानं राहणारा. पण त्यांना कुणी विचारावं की इजिप्तमधली पोरं शाळेत डबा काय न्यायची, की लगेच ताठ बसतात. "भाकरी आन बिअर! पोराची आई रोज शाळंत पोचती करायची." हे त्यांनी एकदा पारावर सांगितलं, तर तिथला एक म्हातारा म्हणाला, "सुबेदार, त्या शाळंत आमचं नाव घाला की. उद्यापासनं येतो."

हे वेड लागलं कुठं, तर म्हणे बर्फातल्या एका चौकीवर. तिथं त्यांना एक जाडजूड हिंदी पुस्तक सापडलं, जगाच्या जुन्या इतिहासाचं. पण त्यांच्या आधी ते उंदरांना सापडलं होतं. राजे, लढाया, देवळं सगळं उंदरांनी खाल्लं आणि पोरांच्या शिक्षणाची पानं तेवढी शिल्लक ठेवली. बाहेर बर्फ, आत दुसरं वाचायला काही नाही. ह्यांनी तेच वाचलं, परत वाचलं, पाठ केलं. त्यामुळे रोमचा राजा कोण होता ते त्यांना आजही सांगता येत नाही, पण रोमचं पोरगं खडे मांडून हिशोब शिकायचं, हे ठाऊक. पुढे हातात मोबाइल आला. आता तरी राजे आणि लढाया बघतील की नाही? छे! पुन्हा पोरांच्या शाळाच बघत बसले. मी आपली चौथीत शाळा सुटलेली बाई. पुढचं जे काही शिकले ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. त्यामुळे मला त्यांच्या बोलण्याचं भारी कौतुक. आमच्या विहीणबाईंना मात्र नाही. त्या म्हणतात, "आक्का, तुमी दोन दिस ऐकता. मी जलमभर ऐकतीया."

माझ्या लेकीला बघायला आले तेव्हाची गोष्ट. सोप्यात बैठक बसलेली, पोहे फिरतायत, मुलीला प्रश्न विचारायची वेळ आली. आम्हाला वाटलं स्वयंपाकाचं विचारतील, शिवणकामाचं विचारतील. व्याह्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "बाळ, सुमेर देशात पोरं कशावर लिवायची?" माझा दीर माझ्या कानाशी लागला, "वैनी, हे सुमेर कंच्या तालुक्यात आलं?" लेक माझी धीट. म्हणाली, "पाटीवर." व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "पाटीच! फकस्त मातीची. पोरगी पसंत हाय." नवरामुलगा बिचारा अजून मान वर करून बघायचा होता.

तर ही लेक आणि जावई कुपवाडला. जावई एका वर्कशॉपमध्ये लेथवर, लेक एका कारखान्यात पॅकिंगला, दोघांच्या पाळ्या उलटसुलट आणि राहायला एक खोली. म्हणून त्यांची पोरगी स्वरा लहानपणापासून आजीआजोबांकडे माणला राहिली, आणि जुन्या जगाच्या शाळेला तिची पहिली विद्यार्थिनी मिळाली. पहिली आणि शेवटची. गावातल्या शाळेत ती जायचीच, पण त्या शाळेला व्याही 'आताची शाळा' म्हणायचे, म्हणजे आपण नाक मुरडून 'आताची भाजी' म्हणतो तसं. खरी शाळा संध्याकाळी अंगणात. तिथं त्यांनी पणच केला होता, "सगळ्या जगानं जे पोरास्नी दिलं, ते मी माज्या नातीला देणार."

यंदाच्या उन्हाळ्यात लेकीला दोन खोल्यांचं घर मिळालं, दिवसपाळी कायमची झाली, आणि घरापासून चालत जाता येईल अशी शाळाही मिळाली. पोरीला जूनपासून आपल्याजवळ आणायची, एवढंच तिचं म्हणणं. व्याही ऐकेनात. लेकीचा मला फोन आला. "आई, तूच जा. पोरगी दर महिन्याला मला नवीनच दिसती गं. उंच झालेली, दात पडलेली. मला तिचा दात पडताना बघायचाय." कवठे महांकाळहून गाडी धरली. पण तिकडून पोरगी आणायची म्हणजे एका घरातला आवाजच काढून आणायचा.

तिथं पोचले तर अंगणात शेणी वाळत घातलेल्या, आणि शेणींच्या शेजारी ओळीनं मातीच्या वड्या. सुमेरचा अभ्यास. कुंभाराकडून आणलेली माती थापायची आणि ती ओली असतानाच बोरूच्या टोकानं अक्षरं उमटवायची. विहीणबाईंनी त्यातली एक वडी शेणी समजून बंबात घातली होती. पाणी तापलं आणि वडी भाजून दगडासारखी झाली. व्याही चिडतील असं वाटलं, तर ते नाचायचे बाकी राहिले. "इनबाई, असंच झालं हुतं तितं! दुस्मनानं गाव जाळलं आन पोरांचा अभ्यास भाजून पक्का झाला. म्हणून तर आपल्याला वाचाय मिळतोय!" मी वडी हातात घेऊन वाचली. स्वराच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आबा घोरतो.' आता ते हजारो वर्षं टिकणार म्हणून विहीणबाई भलत्या खूश होत्या.

दुसऱ्या एका देशात वांड पोरांना मिरचीच्या धुराची भीती घालत, म्हणून ती कशी ते दाखवायला व्याह्यांनी तव्यावर सुक्या मिरच्या टाकल्या होत्या. पोरगी शहाणी, आधीच पळाली. आबा, आजी आणि गोठ्यातल्या शेळ्या अर्धा दिवस शिंकत होत्या. आणि स्पार्टा ह्या जुन्या फौजी गावाचं तर विचारूच नका. तिथं पोरांना पोटभर वाढत नसत, त्यांनी अन्न चोरून आणायचं. चोरी केली म्हणून मार नाही, सापडलं म्हणून मार. माझ्यासमोरच शेजारीण तणतणत आली. "आवं सुबेदार, तुमची नात आमच्या दुरडीतली भाकरी घिऊन पळतीया! काय वळण लावलंय का न्हाई?" व्याह्यांनी स्वराला पुढं बोलावलं, डोळे वटारले आणि विचारलं, "घावलीस कशी?" शेजारीण तोंडाला पदर लावून हसत परत गेली. मागाहून आणखी एक भाकरी आणून ठेवून गेली.

दुपारी जेवणं झाल्यावर मी धीर करून विषय काढला. स्वरा बाहेर शेळीच्या करडाला मोजायला शिकवत होती.

"पाव्हणं, पोरीला जूनमदी कुपवाडला न्ह्यावी म्हंते."

"न्हाई जमायचं, इनबाई. शिक्षण अर्ध्यात हाय. अजून चीन ऱ्हायलाय."

"तिची आय हाय की तितं."

"आय हाय, व्हय. पर शिकवणार कोण?"

मला काही वाद घालता येत नाही. मी आपलं जे मनात आलं ते विचारलं. "स्पार्टाची पोरं घर सोडून कवा जायची हो?"

शिक्षणाचा प्रश्न आला की ते सगळं विसरतात. खुलले. "सातव्या वर्साला! आयबापाला सोडून थेट बराकीत."

"आन आपल्याकडची? गुरूच्या घरी?"

"आठव्याला. मुंज झाली की चालली."

"मग आपल्या स्वराला कितवं लागलं? आठवंच न्हवं?"

तोंडातली सुपारी थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. फौजी माणूस, पण आडवाट शोधायला लागला. "ती पोरं, इनबाई. पोरगे न्ह्यायचे. पोरीस्नी कोण न्हेत नव्हतं. पोरी आपल्या घरातच."

आतून भांडी घासायचा आवाज बंद झाला. विहीणबाई राखेचे हात तसेच घेऊन दारात आल्या. "व्हय का? मग आजपतुर काय म्हनत हुतासा? जगानं पोरास्नी दिलं ते समदं माज्या नातीला. मातीवर लिवलं तवा ती पोरगा. भाकऱ्या चोरल्या तवा पोरगा. आन आयकडं जायाची पाळी आली तवा बरी पोरगी झाली?"

मला हसूही येत होतं आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं. ते उठले आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेले. मी नुकतंच पाजलं होतं. शेळ्यांनी तोंड फिरवलं. तरी बराच वेळ बादली धरून उभे होते. आले ते दारातच थांबून म्हणाले, "न्या." मग उंबरा ओलांडताना म्हणाले, "चीन मी फोनवर घीन."

तालुक्याला दहिवडीच्या स्टँडवर पोचवायला दोघंही आले. पिशव्या त्यांनीच गाडीत चढवल्या. स्वरा खिडकीशी बसली, मला पलीकडच्या रांगेतली खिडकी मिळाली. स्वरानं विचारलं, "आबा, तुमी न्हाई येणार?" ते म्हणाले, "मास्तर कुटं जातो का पोरांच्या मागं?" आवाज अगदी कवायतीतला. तिला ते खरं वाटलं, ती बाहेरची माकडं बघायला लागली. मग गाडीला वळसा घालून ते माझ्या बाजूला आले, खिडकीचा गज धरला आणि हळू म्हणाले, "इनबाई, पोरांचं समदं वाचलं मी. काय शिकायची, काय खायची, किती मार बसायचा. पर पोरं गेल्यावर मागं म्हाताऱ्यांनी काय करायचं, ते कुटं लिवल्यालं दिसलं न्हाई."

"बघा की हुडकून निवांत," मी म्हणाले. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली.

आता मी कुपवाडला लेकीकडं राहायला आले की संध्याकाळी हमखास फोन येतो. लेक भाकऱ्या थापत असते, जावई हातपाय धुऊन नुकता टेकलेला असतो, आणि मोबाइलमधून सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात चीन चालू होतो. तिथली पोरं पाठांतर कसं करायची, मास्तरांकडं पाठ करून कशी उभी राहायची, परीक्षेला बंद खोलीत कशी बसायची. खरं म्हणजे हे सगळं केव्हाच सांगून संपलं आहे. परवा त्यांनी विचारलं, "सांग बरं, परीक्षेला पोरं कुटं बसायची?" स्वराला हे तोंडपाठ. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बिनधास्त ठोकून दिलं, "झाडाखाली."

"चुकलं!" तिकडून केवढा तरी आनंदाचा आवाज आला. "थांब, पयल्यापासनं सांगतो."

पोरीनं उशी ओढली, फोन छातीवर ठेवला आणि ऐकत पडली.