शेजारून परत आलेली परात
चिंचेने पितळ घासल्याचा वास आला की आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरातली ती दुपार आठवते. वडिलांचा सुताचा धंदा बुडाला होता, त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि सामान न्यायला कोर्टाचा माणूस येणार होता. निदान भांडी तरी वाचावीत म्हणून आईने सकाळीच ती सगळी शेजारणींकडे पोचवली. त्या माणसाने ओकंबोकं स्वयंपाकघर पाहिलं आणि तो हसला. "भाभीजी, खाना पकाने के बर्तन तो हम ले ही नहीं जाते. बिस्तर भी आपका, मंगलसूत्र भी आपका." हमाल फ्रिज नेत असताना आई शांतपणे म्हणाली, "जपून, उंबरा आहे." संध्याकाळी शेजारणी भांडी घेऊन आल्या. आमच्या गल्लीत कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पातेल्यात तुरीची डाळ होती, हंड्यात केळी, परातीत ज्वारीचं पीठ. "राहू द्या वहिनी, रीत आहे," म्हणून त्या गेल्या. ते पीठ आईने डब्यात ओतलं नाही, रात्रभर परातीतच ठेवलं. आज ती परात माझ्याकडे आहे. कायद्याने ती आमच्याकडे राहू दिली होती. पीठ ठेवून घेणं मात्र आईला जड गेलं.