खिडकीची सावली

काल एक खिडकी बंद केली, तर ती सावकाश आकसत, विरघळत, नाचत गेली. भिंतीतली नव्हे, माझ्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावरची. तेवढ्यासाठी आतला पंखा घरघरायला लागला. शिवाय प्रत्येक खिडकीखाली एक मऊ सावलीही पडते. कुणी मागितली होती ही सावली? मी मुद्रितं तपासते. मला अक्षरं हवीत!

"अगं, म्हातारा झालाय तो. नवा घे," नवरा पेपरातून मान वर न करता म्हणाला. मी इतकी भडकले की चहा तसाच निवला.

माझा लॅपटॉप लिनक्स या प्रणालीवर चालतो, आणि तिच्यात पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम बदलता येतो. पहिला हलका म्हणून बसवला, तर तो प्रत्येक खिडकीला स्वतःच जागा नेमून देऊ लागला. काढून टाकला. माझं टेबल मी लावीन! मूळ प्रतीवर मुद्रित ठेवायचं, कड जरा सरकवून खालची ओळ बघायची, ही माझी आयुष्यभराची पद्धत. दुसरा मात्र मला हवा तसाच निघाला. एकीवर एक खिडकी, हवी तिथे सरकवा, सावली नाही की नाच नाही.

पंखा गप्प झाला. लॅपटॉप तोच, पण आता बोट टेकताच खिडकी उघडते. म्हणे म्हातारा! त्याच्या डोक्यावरचं ओझं कुणाला दिसलंच नाही.

परवा प्रेसमधले साहेबही मला म्हणाले, "बाई, हल्ली फार हळू झालात." त्यांच्या नव्या सिस्टीममध्ये एक पान पुढे सरकवायला दहा परवानग्या लागतात. उद्या हा लॅपटॉप काखोटीला मारून जाणार आहे, आणि त्यांच्यासमोरच उघडणार आहे.