एकटीचा फोटो

गोरक्ष थेटे हा माणूस मुलखाचा अबोल. नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर, कॉलनीत दोन खोल्या, मूलबाळ नाही, आणि बायको मनीषा गेल्यापासून घरात बोलायला फक्त भिंती. अशा माणसाने ब्लॉग लिहावा! पण लिहिला की. पहिली पाळी सुटली, की गडी तडक सायबर कॅफेत. एका बोटाने टाइप करत बसायचा. ब्लॉगचं नाव 'शिफ्ट सुटल्यावर'. त्यात गोदाकाठचा, म्हणजे आमच्या गंगेवरचा भाजीबाजार, निफाडची थंडी, मनीषाच्या हातची शेवभाजी, असलं काहीबाही.

आणि वाचायचे कोण? तर अमेरिका-दुबईत जाऊन बसलेले नाशिककर! "काका, डोळे भरून आले," असं ते लिहायचे, आणि ते वाचून ह्याचे डोळे भरायचे. त्यातले एक दातार तर फारच जवळचे झाले. दोन हजार आठच्या दिवाळीत त्यांनी कळवलं, "नाशकात येतोय, तुमच्याकडे येणार म्हणजे येणारच." झालं! गोरक्षने खोल्यांना रंग दिला, रजा टाकली, नवे कप आणले. भाऊबीज उलटली, दातार काही आले नाहीत. मग त्यांची कॉमेंट आली, "धावपळीत राहूनच गेलं हो. लिहीत राहा!" लिहीत राहा म्हणे! अरे, माणूस दाराकडे डोळे लावून बसला होता तुमच्यासाठी.

गोरक्षला ते फार लागलं. त्याने शेवटचं लिहिलं, "आता ब्लॉग बंद करतो. बोनसमधून कॅमेरा घेतलाय. फोटो काढीन, जमलं तर पेटी शिकेन." खरं सांगायचं तर त्याला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, काका, नका हो बंद करू. रोज जाऊन पाहायचा. "शुभेच्छा," एकाने लिहिलं. "कॅमेरा कुठला घेतला?" दुसऱ्याने विचारलं. पुढे तेही थांबलं, आणि ह्यानेही कॅफेत जाणं सोडलं.

पेटीचा क्लास लवकरच सुटला, कॅमेरा मात्र हाताला चिकटला. रविवारी सकाळी तो गंगेवर जायचा. तिथे मखमलाबादच्या सिंधुबाई आपल्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती विकायला बसायच्या. मनीषाच्या फोटोला हार तो त्यांच्याकडूनच घ्यायचा, एवढीच काय ती ओळख. पण काय चेहरा होता म्हातारीचा! ह्याने लांबून गुपचूप टिपला, मोठा करून घेतला, काचेची फ्रेम केली आणि खुशीत नेऊन त्यांच्या हातात ठेवला.

सिंधुबाईंनी फ्रेम पालथीच घातली. शेजारी बसलेली त्यांची सून रूपाली तर ओरडलीच, "अगं बाई! काका, जित्या माणसाची अशी फ्रेम करतात का?"

आता सांगा, ह्याला एवढं कळू नये? एकट्या माणसाची फ्रेम म्हणजे हाराची, हे मळ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. पण ज्याच्या घरात फ्रेमच ती एक, त्याला दुसरं काय सुचणार? तो पार कानकोंडा झाला. "मावशी, चुकलं माझं. आत्ता फाडून टाकतो."

"फाड, आन् त्या डबड्यातून बी पूस," सिंधुबाई म्हणाल्या. त्याने दोन्ही केलं, तेव्हा कुठे म्हातारी निवळली. "फोटो काढावा तर कुणासंगं काढावा, बाबा. तुझा हाय का कुणासंगं?"

"माझ्यासंगं कोण उभं राहणार, मावशी?"

"मी काय मेले का? ये इकडं."

गोरक्षने फुलांची रिकामी पाटी उपडी घातली, तिच्यावर कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि लाजत हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. म्हातारीने त्याचा दंड गच्च धरून जवळ ओढलं. "लांब का पळतो? लय लाजरा तू!" तेवढ्यात फोटो निघाला. त्यात गोरक्ष चक्क हसला होता. त्याची एक प्रत त्याने म्हातारीला दिली, दुसरी कारखान्यात सगळ्यांना दाखवली. "ही आमची मावशी," म्हणायचा. मग दर रविवारी तिथेच चहा व्हायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात सिंधुबाई अचानक गेल्या. गोरक्ष मखमलाबादला धावला. रूपालीने तोच फोटो त्याच्यापुढे ठेवला. "काका, दहाव्याला फोटो लागतो. आईंचा दुसरा धड एकही नाय. ह्यातून तुमची बाजू... म्हणजे, काढता येईल का?"

"येईल की," गोरक्ष म्हणाला.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर त्याने स्वतःच रेघ मारली. त्याचं हसू गेलं, चेहरा गेला, खांदा गेला. दंड तेवढा जाईना. तो कापायचा, तर म्हातारीची बोटंही कापली जात होती. "त्यावर फुलं टाकून झाकू का?" स्टुडिओवाल्याने विचारलं. "राहू द्या," गोरक्ष म्हणाला. येताना सायबर कॅफे लागला. पायरीशी तो जरासा थांबला. आता तिथे सांगायचं तरी कुणाला? तो घरी गेला.

दहाव्याला गंगेवर पाहुण्यांची ही गर्दी. एकेक जण फोटोला फूल वाहून जात होता. फोटोच्या कडेला निळ्या बाहीचा तुकडा दिसत होता, त्यात सिंधुबाईंची बोटं रुतलेली. तो दंड कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं तर सांगता यावं, म्हणून गोरक्ष शेवटपर्यंत बसून राहिला.