शेगडीखालची हवा

जनार्दन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी स्वयंपाकघराच्या चिमणीच्या भावावरून हुज्जत घालत होतो. फोन त्याच्या मेव्हण्याचा होता, मासवणहून. सकाळी दात घासताना छातीत कळ आली, पालघरला नेईपर्यंत सगळं संपलं... मी ‘बरं’ म्हणालो, फोन ठेवला आणि सौदा पुरा केला. गिऱ्हाईक वर फिटिंग फुकट मागत होतं, तेही दिलं नाही. मग शटर अर्धं ओढून काउंटरमागच्या स्टुलावर बसून राहिलो. रडू आलं नाही, राग आला. आज दीड महिना झाला, तो राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे हे मला ठाऊक आहे. ते ज्यांना जमतं त्यांनी लिहावं.

चार दिवसांनी बोईसरच्या मिस्त्री लोकांनी शोकसभा घेतली. एकेक जण उठून बोलत होता. सरळ माणूस, देवमाणूस, कुणाला कधी दुखावलं नाही. एकाने तर त्याला अजातशत्रू करून टाकला. मी मागच्या खुर्चीवर होतो. अजातशत्रू कसला? त्याचा एक शत्रू तिथेच बसला होता, आणि तो शत्रू जनार्दनने स्वतःच्या हाताने, चार माणसांदेखत तयार केला होता. मला बोलायला उठवलं तेव्हा मी हात जोडले आणि बाहेर पडलो. लोकांना वाटलं गहिवर आला.

मी मूळचा चिंचणीचा. दुकान बोईसरला आहे ते पुढचं. सुरुवात बाजारात गोणपाटावर शेगडीचे सुटे भाग मांडून झाली. बर्नर, बटणं, रबरी पाइप, वॉशर. जनार्दन त्या वेळी तारापूरच्या एका कारखान्यात पाइपलाइनच्या दुरुस्तीवर होता. एका संध्याकाळी तो बर्नर घ्यायला आला. हातात घेऊन वजन केलं, नखाने कड खरवडली आणि तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “पितळ नाय हे. वरनं रंग हाय.”

“मग नको घेऊस,” मी म्हणालो.

“घेनार. पन पितळंच्या भावानं नाय.”

आणि माझ्या गोणपाटाशेजारी मांडी घालून बसला. जो येईल त्याला नख दाखवायचा. मी शिव्या घातल्या, त्याने शेंगा सोलल्या. शेवटी तो म्हणाला त्या भावाला मी दिला बर्नर. आयुष्यात भावावरून मला हरवणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यातला हा पहिला. पुढे त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तो माझ्या नव्या दुकानात येऊन उभा राहिला. “शेठ, शेगड्या तू विक, बसवतो मी.” शेठ म्हणायचा ते चिडवायला. मला शेठ म्हणणारा आणि तरी ‘अरे-तुरे’ करणारा तो एकटाच.

पंधरा वर्षं आम्ही एकत्र काम केलं आणि त्यातली निम्मी भांडण्यात घालवली. मी गिऱ्हाईक रंगात आणावं आणि त्याने त्यावर पाणी ओतावं. बाई दुकानात यायची, काचेच्या चार बर्नरच्या हॉबवर, म्हणजे ओटा कापून आत बसवायच्या शेगडीवर, तिची नजर बसायची, मी चकाकी दाखवायचो, नवरा खिशाकडे हात न्यायचा, आणि हा मागून बोलायचा, “ताई, आदी घरची भांडी घेऊन या.”

“भांडी कशाला?”

“चुलीवर काय चढनार ते बगू तर.”

पहिल्यांदा मला वाटलं, गेली ही बाई. पण बायका यायच्या! पिशवीतून भाकरीचा तवा, कालवणाचं पातेलं, दूध तापवायचा टोप घेऊन यायच्या. जनार्दन ती सगळी माझ्या नमुन्याच्या हॉबवर मांडायचा. तांदळाच्या भाकरीचा रुंद तवा पुढे ठेवला की शेजारच्या बर्नरवर त्याची कड चढायची. पातेलं मागे ठेवलं की ते तव्याला भिडायचं. “चार बर्नरचं दाम मोजनार नि पेटवनार दोन,” तो म्हणायचा. बाई हसायची, नवऱ्याचा हात खिशातून रिकामा परत यायचा, आणि चार बर्नरवरचा सौदा तीनवर, कधी साध्या दोन बर्नरच्या शेगडीवर यायचा. मी आतून जळायचो. त्याच बाया पुढे नणंदा-जावांना घेऊन माझ्याच दुकानी आल्या हे खरं आहे. पण ते मी त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसला असता.

चिंचणीला एका वाडीवाल्याच्या नव्या घरी आम्ही माप घ्यायला गेलो होतो. चिकूची मोठी बाग, पैसा होता, घरच्यांना महागातला हॉबच हवा होता. स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे. जनार्दनने ओट्यापाशी उभं राहून काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, तीही विझली. घरच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, “दुपारनंतर असाच वारा येतो रं पोरा.” झालं. त्याने पेन्सिल कानावर ठेवली. “हॉब एकदा बसला की बसला, काकू. शेगडी भिंतीकडं सरकवता येते. हॉबला काय सरकवाल?” पन्नाशीतल्या माणसाला पोरा म्हटल्यामुळे तो खूश होता, आणि मी हात हलवत परतलो. येताना रिक्षात मी तोंड फिरवून बसलो. तो मात्र मोठ्याने गुणगुणत होता.

इथवरचं मी सहन केलं. पुढचं केलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पालघरला एक इमारत उभी राहत होती. चाळीस घरं, प्रत्येक घरात तयार ओटा, ट्रॉल्या, हॉब. ही ऑर्डर मिळावी म्हणून मी तीन दिवस बिल्डरच्या ऑफिसात बसलो होतो. चहा त्याचा, पाणी माझं. एकेका गोष्टीवर घासाघीस करून त्याला माझ्या भावापर्यंत आणलं होतं. मुंबईच्या दुकानदाराला मागे टाकून बोईसरचा माणूस चाळीस घरं घेतो, ही गोष्ट गोणपाटावर बसलेल्याला काय वाटते ते दुसऱ्याला कळायचं नाही. शेवटचं फक्त नमुन्याचं घर बघायचं होतं. मी, बिल्डर, त्याचा फर्निचरवाला आणि जनार्दन.

जनार्दनने हॉबकडे बघितलंच नाही. खाली गुडघ्यावर बसला, ओट्याखालचं कपाट उघडलं, आत डोकं घातलं. सिलिंडर तिथेच ठेवायचा होता. आतूनच त्याचा आवाज आला, “हवा कुटनं जानार?”

“समोर एवढी मोठी खिडकी आहे ना,” बिल्डर म्हणाला.

“खिडकी वर हाय, सायेब. हा गॅस जड. गळला तर खाली बसतो. ह्ये कपाट तर डब्यावानी बंद. दाराला खाली भोकं पायजेत.”

फर्निचरवाल्याने तोंड वाकडं केलं. भोकं पाडली तर दाराची शोभा जाते, शिवाय झुरळं शिरतात, लोक तक्रारी करतात, म्हणाला. बिल्डरने घड्याळ बघितलं. मी जनार्दनच्या खांद्यावर हात ठेवला. “जना, उठ. ते आपण नंतर बघू.” माझ्या मनात होतं की आधी सही होऊ दे, मग त्याच बिल्डरला भोकांसाठी हळूहळू वळवतो. सौदा असाच होतो. एकेक पाऊल. पण त्याने कपाटातून डोकं काढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “नंतर कोन बगतो? भोकं नाय तर मी बसवनार नाय. आनि दुसऱ्यानं बसवलं तर मी येऊन लोकांना सांगंन.”

ऑर्डर दुसऱ्याला गेली. भोकं न पाडता.

पालघर स्टेशनच्या रस्त्यावर मी त्याला थांबवला. “तू माझा माणूस की त्यांचा?”

“तितं भाजी फोडनीला टाकंल ना, तिचा.”

“मग तिच्याच दारात जाऊन बस. माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस.”

तो चढला नाही. बाजारात समोरासमोर आलो तर मान हलवायचा. कामं दुसऱ्या दुकानांची घ्यायला लागला. माझी बायको सुनंदा म्हणायची, “भावजींना एक फोन करा, काय झिजणार आहे तुमचं?” मी म्हणायचो, त्याने करावा. ऑर्डर माझी गेली होती, त्याची नाही. ‘शेठ, तेवढं चुकलं’ एवढे तीन शब्द मला हवे होते, जास्त नाही. सौद्यात मी आधी तोंड उघडत नाही. समोरचा अस्वस्थ होतो, बोलून जातो, आणि तिथे मला भाव कळतो. एवढ्याच हिशोबाने मी दोन वर्षं गप्प बसलो. समोरचा माणूस मरू शकतो हे माझ्या हिशोबात नव्हतं...

म्हणून राग. मला वाटत होतं, हा मला न विचारता उठून गेला. भाव न सांगता.

शोकसभेनंतर पंधरा दिवसांनी एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, खांद्याला ऑफिसची बॅग. पालघरहून आल्या होत्या. पाटी पुन्हा एकदा वाचून म्हणाल्या, “ते जनार्दन मिस्त्री तुमचेच ना? फोन केला तर त्यांच्या मिसेसनी सांगितलं की... फार वाईट झालं. तुमचे आभार मानायचेच राहिले होते. तुम्हीच पाठवायचात ना त्यांना?”

“कुठे?”

त्यांनी इमारतीचं नाव सांगितलं. तीच इमारत.

त्या सांगत गेल्या आणि मी काउंटर धरून ऐकत गेलो. लोक राहायला आल्यापासून दर रविवारी जनार्दन ड्रिल घेऊन यायचा. एकेक दार वाजवायचा. ओट्याखालच्या कपाटाला खाली हवेसाठी भोकं पाडून देतो, आतून बारीक जाळी लावतो म्हणजे झुरळ येणार नाही, असं सांगायचा. पैसे घ्यायचा नाही. पहिल्यांदा वॉचमननेच हाकलला. मग त्याला युक्ती सुचली. “बोईसरच्या शेठनी पाठवलंय, दुकानाकडनं सर्विस हाय,” असं म्हणून आत शिरायला लागला.

“कोणत्या शेठने?” मी विचारलं. माहीत असून विचारलं.

“तुमचं नाव सांगायचे. म्हणायचे, आमचा शेठ तोंडाचा तिखट आहे पण माल देतो तर नीट देतो. आम्हाला वाटलं हॉब तुमच्याकडूनच आलेत.”

माझा माल नव्हता तो! माझी ऑर्डर बुडवली, दुसऱ्या दुकानदाराच्या शेगड्यांना स्वतःचं ड्रिल झिजवून भोकं पाडत बसला, आणि वर सगळ्यांना सांगितलं काय, तर शेठने पाठवलंय. मी त्या बाईंवरच ओरडलो असतो. पण तेवढ्यात त्यांनी बॅगेतून घरांच्या यादीची चिठ्ठी काढली. अकरा घरांनी त्याला आत घेतलं होतं. बाकीच्यांनी नवीन फर्निचर खराब होतं म्हणून दारातूनच परत पाठवलं. आता वरच्या मजल्यावर एकांच्या घरी गॅसचा वास कोंडला होता, सकाळी कपाट उघडल्यावर कळलं, नशिबाने काही झालं नाही. म्हणून त्या आल्या होत्या. “उरलेल्या घरांचं कसं करायचं? तुम्ही दुसरं कोणी पाठवाल का?”

पुढच्या रविवारी मी गेलो. आधी त्यांचंच घर बघितलं. खाली बसताना गुडघा बोलला. कपाटाच्या दाराला तळाशी आठ भोकं होती, एका रेषेत, कडा कागदाने घासून गुळगुळीत केलेल्या, आतल्या जाळीची एकही तार बाहेर नाही. फुकटच्या कामाला कडा कोण घासतं? त्या अंधाऱ्या कपाटात डोकं घालून मी त्याला मला येतात तेवढ्या शिव्या घातल्या. बाई बाहेर चहा ठेवत होत्या, त्यांना बहुतेक ऐकू गेल्या. मी दोन वर्षं ज्या तीन शब्दांची वाट बघत होतो, ते त्याला म्हणायचेच नव्हते, कारण त्याचं चुकलं नव्हतं. हे मला तिथे, सिलिंडरच्या बाजूला, गुडघ्यावर बसल्यावर पटलं. पटलं म्हणून राग गेला असं नाही. उलट वाढला. आता तो माझ्यावरही आहे, आणि दोघांपैकी हाताशी सापडतो तो मी एकटाच.

सुनंदाने सांगितलं, माणूस लावा. मी लावला नाही. ड्रिल माझ्या दुकानातलं नवं आहे, जाळी पण. रविवारी दुकान बंद ठेवतो. आत्तापर्यंत सहा घरं झाली. उरलेल्या तेवीस घरांपैकी काहींशी अजून घासाघीस चालली आहे. लोक भोकांचा सुद्धा भाव करतात. फुकट म्हटलं की त्यांना संशय येतो.

गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर एका माणसाने साखळी लावूनच दार उघडलं. बनियनवर, हातात पेपर. भोकं नकोत, म्हणाला, दार नवं आहे. मी म्हणालो दार राहील, तुम्ही राहणार की नाही ते बघा. तो तापला. मीही तापलो. जिन्यातली दोन दारं उघडली.

“पण तुम्हाला पाठवलंय कोणी?” तो ओरडला.

“मासवणच्या जनार्दनने,” मी म्हणालो, आणि त्याने दार लावायच्या आत फटीत पाय घातला.