दर्शनी गाळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही — आणि ह्यांना मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी पान वाढायच्या आधी सांगून टाकते, म्हणजे नंतरचे टोमणे वाचतात. सहा वर्षं झाली या गोष्टीला. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच तुमच्यापुढे तोंड उघडायचा धीर होतोय. मध्येच थांबले तर जरा थांबू द्या. विषय बदलण्यात मी तरबेज आहे, तेवढं लक्षात ठेवा.

शनिवार पेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तरं, फॉल, परकर. सासऱ्यांनी सुरू केलं होतं. हे खडकीला कारखान्यात नोकरीला, त्यामुळे लग्नानंतर वर्षभरातच दुकानाची किल्ली माझ्या कमरेला आली. तेव्हाची इमारत तीन मजली होती. खाली चार दुकानं, वर भाडेकरू, आणि मालक कुठेतरी बंगळुरूला. आता तिथे नऊ मजले आहेत. खाली रस्त्याकडे तोंड करून तीन गाळे, मधला माझा. डावीकडे मोमो, उजवीकडे नखांवर चित्रं काढून देणारी मुलगी. नखांवर! पूर्वी तिथे स्टेशनरीचं दुकान होतं आणि त्याच्या शेजारी किराणा. दोघांनीही नवे गाळे मिळाल्या-मिळाल्या भाड्याने देऊन टाकले आणि घरी बसले.

माझ्या दुकानाची पाटी हाताने रंगवलेली होती, ती लावू देत नाहीत. सगळ्या पाट्या एका मापाच्या, एका रंगाच्या, आतून दिवा लागणाऱ्या. सोसायटीचा नियम. गिऱ्हाईक आत येतं ते कापड मागायच्या आधी विचारतं, काकू, गाडी कुठे लावू? माझ्या डोक्यावर लाव, म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही.

आणि जुनं गिऱ्हाईक आलं की माझा तर संतापच होतो. कोथरूडला, वारज्याला राहायला गेलेल्या बायका वर्षातून एकदा येतात, फुटपाथवर उभ्या राहून वर बघतात आणि उसासा टाकतात. बिल्डरांनी पेठेची पार वाट लावली हो! मी मान डोलावते. हो ना, म्हणते. बिल्डरला शिव्या घालणं किती सोयीचं असतं, नाही? तो काही ऐकायला येत नाही, आणि आपण सगळे धुतल्या तांदळासारखे. मीही घातल्या आहेत. भरपूर घातल्या आहेत. त्यातली एक शिवी तर मला चांगली लक्षात आहे, कारण ती घालताना माझ्यासमोर शिधोरेकाका बसले होते.

शिधोरेकाकांबद्दल सांगायला हवं. तेच टाळत होते मघापासून.

चार दुकानांतलं तिसरं काकांचं, चौथं माझं. मध्ये एक भिंत. काका कुकर, स्टोव्ह, मिक्सर दुरुस्त करायचे. मामंजींचे मित्र, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, म्हणून मला सूनबाई म्हणायचे. स्वभाव फटकळ. कुणी कुकर आणला की तो उलटा करून बघायचे आणि विचारायचे, "यात भात शिजवता की डांबर?" बाई ओशाळायची, पण पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायची, कारण त्यांनी बसवलेला दांडा कधी निखळत नसे. मी नवी सून म्हणून दुकानात बसायला लागले तेव्हा कापड कापताना कात्री सरळ कशी धरायची ते मामंजींनी नाही, काकांनी दाखवलं. बायको लवकर गेली होती. एक मुलगी, लग्न होऊन धायरीला. सगळा दिवस दुकानातच.

दुपारी एक ते चार दुकान बंद. यावर तुम्ही हसाल. पुण्यावरच्या या विनोदाला सगळेच हसतात. पण काकांची तऱ्हा आणखी पुढची होती. नुसतं शटर ओढलं तर लोक येऊन ठोठावतात — काका, जरा शिट्टी बघता का, एकच मिनिट. म्हणून ते बाहेरून शटरला कुलूप लावायचे, बोळातून मागे जायचे आणि मागच्या दाराने पुन्हा दुकानात शिरायचे. चटई टाकायची, रेडिओ बारीक आवाजात लावायचा आणि झोपायचं. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, दुकान बंद, मालक गावाला. आत माणूस आहे हे फक्त शेजाऱ्यांना ठाऊक.

मला ठाऊक होतं. भिंतीपलीकडून रेडिओ ऐकू यायचा मला, रोज.

मग इमारत पाडायचं ठरलं. मालकाने बिल्डरला दिली. बिल्डरच्या ऑफिसात आम्हाला नकाशे दाखवले. दुकानं चार, पण रस्त्याकडेचे गाळे तीनच निघत होते, कारण गाड्या आत जायला वाट सोडायची. चौथा गाळा मागे, जिन्याच्या पोटात, स्कूटरींच्या शेजारी. जागा सगळ्यात लहान ज्याची, तो मागे. सगळ्यात लहान जागा माझी होती.

तुम्ही म्हणाल, मागे तर मागे, जुनी गिऱ्हाइकं शोधत येतील. पण मॅचिंगच्या दुकानाला उजेड लागतो हो. ट्यूबच्या उजेडात मोरपंखी आणि रामा हे रंग सारखेच दिसतात. बाई साडीचा पदर आणि माझं कापड घेऊन दारात जाते, उन्हात धरते, तेव्हा कुठे हो म्हणते. जिन्याखाली कुठलं ऊन? तिथे दुकान म्हणजे दोन वर्षांत कुलूप. हे सगळं त्या नकाशाकडे बघताना माझ्या मनात येऊन गेलं, आणि त्याच खुर्चीवर बसल्या-बसल्या माझ्या डोक्यात आलं की चाराऐवजी तीनच दुकानं असती तर?

मला कुणी सुचवलं नाही. बिल्डरने नाही, त्याच्या माणसाने नाही. माझ्याच डोक्यातून निघालं.

महापालिकेचा माणूस पाहणीला येणार होता. कोण भाडेकरू, कुणाचं दुकान खरोखर चालू आहे, याची नोंद करायला. आम्हा बाकीच्यांच्या पावत्या आपापल्या नावावर होत्या. काकांच्या अजून त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली असतील. नाव बदलून घ्यायचं आज करू, उद्या करू, असं करत राहिलं. तेव्हा काकांची सगळी भिस्त या पाहणीवर. माणूस यावा, दुकान उघडं दिसावं, काका आत कुकर ठोकत बसलेले दिसावेत. बस.

काकांकडे साधा फोन, त्यामुळे इमारतीच्या ग्रुपवरचे सगळे निरोप मी त्यांना तोंडी सांगायचे. बिल्डरच्या ऑफिसातून मला विचारलं, पाहणीला कोणती वेळ सोयीची?

मी म्हटलं, दुपारी दोन.

सगळ्यांना कळवलं. काकांना नाही.

इथपर्यंत आले तरी अजून मुख्य गोष्ट सांगितलेली नाही. किती वेळा मी स्वतःलाच सांगितलंय, की वेळच तर दिली, वेळ देणं म्हणजे काही गुन्हा नाही, काकांना झोपायला कुणी सांगितलं होतं? बघा, अजूनही सुटायला बघते.

दोन वाजता तो माणूस आला. तरुण, घामाघूम, हातात फाइल, सोबत बिल्डरचा एक जण. किराणावाला दारात उभा होता, त्याची नोंद झाली. स्टेशनरीवाल्याचीही झाली आणि दोघे आपापल्या दुकानात गेले. माणूस तिसऱ्या शटरसमोर आला. कुलूप बघितलं. मी माझ्या दारात होते, तशी पुढे झाले.

"हे कुणाचं?"

"ते ना, बरीच वर्षं बंद आहे," मी म्हणाले. "एक शिधोरे म्हणून होते. ते वारले. आत जुनं भंगार पडलंय."

थोरला भाऊ खरोखरच वारला होता, पावतीही त्याच्याच नावावर, म्हणजे कागद आणि मी एकच सांगत होतो. माणूस लिहायला लागला. आणि आतून रेडिओ ऐकू आला. बारीक, पण स्पष्ट. कुणीतरी बातम्या सांगत होतं. माणसाने लिहिता-लिहिता मान वर केली.

"आवाज कसला येतोय?"

त्या क्षणी मी गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. त्याने शटर वाजवलं असतं, काका डोळे चोळत बोळातून पुढे आले असते, चार शब्द सुनावले असते त्याला आणि मलाही. संपलं असतं सगळं. मी गप्प राहिले नाही.

"वरच्या मजल्यावरचा आहे," मी म्हणाले. "त्या आजींना ऐकू कमी येतं, फार मोठ्याने लावतात. या ना आत, सरबत घ्या. किती ऊन झालंय."

तो आला. लिंबाचं सरबत प्यायला. बरं वाटलं, म्हणाला.

चार वाजता काकांनी शटर उघडलं. झोपून उठल्यावर त्यांच्या गालावर चटईचे वळ असायचे, तसे होते. मला म्हणाले, "काय सूनबाई, चहा?" मी चहा मागवला. चहा पिताना सांगितलं, पाहणीवाला येऊन गेला, तुमचीही नोंद मी करून दिली.

पुढे यादी आली. हरकत घ्यायला पंधरा दिवस. काकांना जवळचं वाचायला त्रास व्हायचा, त्यांनी मलाच विचारलं, नाव आहे ना गं माझं? आहे ना, मी पाहिलं, म्हणाले मी. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, का विचारतील? पंधरा दिवस गेले. बाकीच्यांना करारासाठी बोलावणं आलं, काकांना आलं नाही, तेव्हा ते बिल्डरच्या ऑफिसात गेले आणि लालबुंद होऊन परत आले. माझ्या दुकानात बसले. पाणीसुद्धा घेईनात.

"तू पाहिलं होतंस ना नाव?"

"पाहिलं होतं की," मी म्हणाले. "मागाहून काढलं असणार त्यांनी. हे बिल्डर म्हणजे..." आणि मग ती शिवी घातली. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने शिवी घातली, आणि काकांना इतकं बरं वाटलं त्याने, की ते हसले.

वकिलाने सांगितलं, केस करता येईल, पण चालेल दहा वर्षं. काकांना सहासष्टावं लागलेलं. म्हणाले, दहा वर्षं कुकर दुरुस्त करेन, पण कोर्टात बाकावर बसणार नाही. हत्यारं तीन पोत्यांत भरली आणि मुलीकडे धायरीला गेले. पोती रिक्षात चढवायला मी हात लावला.

मला रस्त्याकडेचा गाळा मिळाला. दीड वर्षात समोरच्या जागेवर अकरा मजले उभे राहिले आणि माझ्या दारातलं ऊन गेलं. सकाळपासून ट्यूब लावून बसते. बायका कापड घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत जातात, रंग बघायला, आणि काही जणी तिकडूनच परस्पर निघून जातात. हे मी शिक्षा झाली म्हणून सांगत नाहीये. कसली आलीय शिक्षा? धंदा बसलाय, एवढंच. काकांचं दुकान गेलं त्याची यातून काही फिट्टंफाट होत नाही.

नव्या दुकानाच्या पूजेला मी त्यांना बोलावलं. बोलावलं नसतं तर लोकांनी विचारलं असतं. काका दोन बस बदलून आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलगी सोबत होती. दुकानात दहा-बारा माणसं होती. काका मधोमध उभे राहिले, गाळा बघितला, काउंटरवरून हात फिरवला, आणि मुलीला जवळ बोलावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या वेळी माझ्या बाजूने बोलणारी ही एकटी होती. बाकी कुणी तोंड उघडलं नाही." मुलीने वाकून माझ्या पाया पडायला हात पुढे केला. मी मागे सरकले नाही. पडू दिलं.

काका आहेत. धायरीतच आहेत, तब्येत ठीक आहे, गॅलरीत बसून शेजारपाजारच्यांचे कुकर दुरुस्त करतात. दिवाळीला फोन येतो, सूनबाई, धंदा कसा चाललाय? आवाज खणखणीत, ऐकूही स्वच्छ येतं. कानापाशी फोन असतो, मधे कुणी नसतं. तुम्हाला जे एवढं लांबण लावून सांगितलं ते त्यांना सांगायला दोन वाक्यं पुरतील. मागच्या दिवाळीलाही मी म्हणाले, बरा चाललाय काका, तुमचा आशीर्वाद आहे.